डग्ग्याचा बंदोबस्त

विद्याधर परुळेकर घोरत नाहीत. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण निम्म्या मुलुंड पूर्वेत सध्या त्यांच्याबद्दल भलतंच काहीतरी पसरलेलं आहे. झोपेत त्यांचा श्वास फार तर जरा भरदार होतो. आयुष्यभर विमा कंपनीत साहेबांसमोर श्वास रोखून बसलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तो मोकळेपणाने सोडला, तर त्यात कोणाच्या बापाचं काय जातं?

पण हे कुंदाताईंना कोण समजावणार! लेक इरावती नोकरीसाठी हैदराबादला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि तिचं विमान उतरलं की नाही एवढं विचारून होताच कुंदाताई उशी काखेत मारून उभ्या राहिल्या.

"मी आजपासून इरूच्या खोलीत झोपणार."

"का बरं?" परुळेकरांनी निरागसपणे विचारलं.

"का बरं म्हणे! लग्न झाल्यापासून एक रात्र सलग झोपले असेन तर शपथ. अहो, तुम्ही घोरता!"

"कुंदा, तोंड सांभाळून बोल. मी घोरत नाही."

खरी गोष्ट अशी की, परुळेकरांना ती खोली स्वतःला हवी होती, आणि झोपायला नव्हे. त्यांना गाणं ऐकायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, मग ऐका की, अडवलंय कोणी? तेच तर! सगळ्यांनी अडवलं होतं. आधी आईचं ब्लडप्रेशर, मग इरूची दहावी, मग बारावी, मग ती सत्राशेसाठ प्रवेश परीक्षांची जत्रा. परुळेकरांनी जरा कुठे विलंबित ख्याल लावला की आतून हाक यायचीच, "अहो, जरा आवाज कमी करा!" कमी आवाजात गवई ऐकू येतो, तबल्याची चाटही ऐकू येते, पण डग्गा येत नाही. ज्याने उभ्या आयुष्यात डग्गा पोटभर ऐकला नाही, त्या रसिकाच्या जगण्याला अर्थ काय? निवृत्त होताच त्यांनी चांगले कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणले, तर कुंदाताईंनी त्यांना क्रोशाचे रुमाल घालून वर मनीप्लांट ठेवले. हॉलमध्ये ते दोन स्पीकर मुंजीतल्या बटूंसारखे गप्प उभे होते.

शेवटी करार झाला. कुंदाताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत खोली तुमची. तोवर तुमचा तो डग्गा धड वाजला, तर खोली कायमची तुम्हाला. नाही वाजला किंवा बिल्डिंगमधून तक्रार आली, तर तिथे माझी पथारी. मग एक अक्षर बोलायचं नाही."

"मंजूर!" परुळेकर म्हणाले. डग्गा वाजायला दिवाळी कशाला हवी? वायर जोडायची, बटण दाबायचं, बस.

त्यांनी आधी खोली शुद्ध करायला घेतली. संगीताच्या आड काही येता कामा नये, या तत्त्वाने इरूचा पलंग, कापसाची जाड गादी, कपाट, पडदे, पुस्तकांचं शेल्फ, सगळं बाहेर काढलं. पलंग हॉलमध्ये उभा राहिला, कपाट पॅसेजमध्ये आडवं आलं, आणि बाथरूमला जायचं तर अंग चोरून जायची वेळ आली. पण खोली कशी झकास दिसायला लागली! चारी भिंती सारख्या, फरशी चकचकीत, समोर दोन स्पीकर आणि खोलीच्या अगदी मधोमध एक आरामखुर्ची. परुळेकर खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि त्यांनी विलंबित तोडी लावली.

डग्गा नव्हताच.

म्हणजे गवई होता, तंबोरे होते, तबल्याची चाट टिक टिक वाजत होती. पण डग्गा कोणीतरी उचलून नेल्यासारखा गायब. परुळेकरांनी आवाज वाढवला, तरी नाही. आणखी वाढवला. मग ते वैतागून उठले, दाराकडे गेले, आणि कोपऱ्यात पाऊल टाकताच त्यांच्या कानावर असा दणका बसला की ते मटकन खालीच बसले. सगळा डग्गा तिथे होता! आणि तो डग्गा तरी कसला? तबलजी काहीही वाजवू दे, कोपऱ्यात एकच सूर, भुंऽऽऽ! रिकाम्या पिंपात तोंड घालून कोणी हंबरावं तसा.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली, "कुकरची शिट्टी थरथरतेय. आणि मी अजून गॅसही लावलेला नाही."

हा अपमान गिळून होतो तोच बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे सहदेव तोरसकर दारात उभे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ मुलुंडात जन्म काढूनही बोलायचा मालवणी. चेहरा पांढराफटक.

"परुळेकरानू, वायच खाली येवा. आमच्या देवघरातली घंटी आपोआप वाजता."

परुळेकरांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "ही... ही तक्रार आहे का, सहदेव?"

"तक्रार? देवाची कोण तक्रार करता?" सहदेव म्हणाले. "रत्नप्रभा म्हणता, गावचो राखणदार इलोसा वाटता. दोन वर्सां आम्ही नारळ देवक गेलव नाय."

परुळेकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तक्रार नाही, म्हणजे करार शाबूत. आता खरं म्हणजे त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं की बाबा रे, राखणदार वगैरे काही नाही, माझे स्पीकर आहेत. पण सांगावं तर तक्रार, आणि न सांगावं तर पाप. परुळेकरांनी पाप पत्करलं. खाली गेले, तर रत्नप्रभावहिनींनी पाट मांडलेला, नारळ ठेवलेला, सहदेव डोक्याला टॉवेल गुंडाळून गाऱ्हाणं घालायला उभे.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या मुलुंडाच्या जाग्यार वरसून जी काय धाडधाड येता म्हाराजा, ती कोणाची करणी असात, कोणाचो चाळो असात, कोणाची वाकडी नजर असात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परुळेकर खणखणीत आवाजात म्हणाले.

काय करणार! तीन पिढ्या मुंबईत काढल्या तरी मूळ माणूस परुळ्याचा. गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' निघणारच. आपल्याच स्पीकरांचा सत्यानाश व्हावा म्हणून आपण देवाला साकडं घातलं, हे जिना चढताना त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते स्वतःवरच भयंकर चिडले.

इथून पुढे सल्ले सुरू झाले. आपल्याकडे आजारी माणसाला आणि गळक्या छताला जेवढे सल्ले मिळत नाहीत तेवढे त्या खोलीला मिळाले. एकाने सांगितलं, दोष ईशान्येचा आहे, तिथे पाण्याचा तांब्या ठेवा. परुळेकरांनी ठेवला. डग्गा तसाच, वर तांब्यातलं पाणी फरशीवर. दुसऱ्याने सांगितलं, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, स्टुडिओत तेच लावतात. परुळेकरांनी बाजारातून अंड्यांचे रिकामे ट्रे छातीशी कवटाळून आणले, तर लिफ्टमधल्या कडक शाकाहारी मंडळींनी नाकाला रुमाल लावला आणि पुढे आठवडाभर परुळेकर लिफ्टमध्ये शिरले की लोक 'आम्ही जिन्याने येतो' म्हणू लागले. ट्रे लावले. डग्ग्यावर ढिम्म परिणाम नाही. झालं एवढंच की खोलीत पोल्ट्रीचा वास सुटला, आणि कुंदाताई दारातून डोकावून म्हणाल्या, "मी काही बोलत नाहीये. दिवाळी जवळ आली एवढंच सांगतेय."

मग परुळेकरांनी मान खाली घालून अंधेरीच्या सुबोधला फोन केला. सुबोध त्यांचा कॉलेजपासूनचा दोस्त आणि या विषयातला पक्का किडा. त्याला बोलावणं म्हणजे आपल्याला जमलं नाही हे कबूल करणं, म्हणून परुळेकर इतके दिवस टाळत होते. सुबोध आला, खोलीच्या मध्यभागी उभा राहून त्याने एक टाळी वाजवली आणि हसायलाच लागला.

"विद्या, येडा आहेस का रे तू? चौकोनी खोली, ती पण पार रिकामी! मधोमध बसलास तर बेस, म्हणजे तुझा डग्गा, शून्य, आणि कोपऱ्यात ढीगभर. अंड्यांच्या ट्रेने काय होतंय, घंटा! बेस जाड असतो ना, त्याला जाड काहीतरी लागतं प्यायला. कापसाच्या गाद्या आण, गुंडाळ्या कर आणि चारी कोपऱ्यांत छतापर्यंत उभ्या कर. झकास होईल."

परुळेकर त्याच्याकडे बघतच राहिले. इरूची गादी त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढली होती. पण हे सुबोधला सांगायची काय गरज?

एका गादीने चार कोपरे भरत नाहीत, म्हणून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला, 'कोणाकडे कापसाच्या जुन्या गाद्या असल्यास हव्या आहेत. विद्याधर परुळेकर.' मुंबईतल्या प्रत्येक घरात माळ्यावर एक तरी गादी असते. तिच्यावर कोणी झोपत नाही, पण 'आईने स्वतः कापूस घेऊन करून घेतलेली' म्हणून टाकवतही नाही. त्या सगळ्या गाद्या वर्षानुवर्षं जणू परुळेकरांचीच वाट बघत होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात रांग लागली. आणि नुसत्या गाद्या येत नव्हत्या, त्यांचा इतिहासही येत होता. "हिच्यावर माझी दोन्ही बाळंतपणं झाली हो, नीट ठेवा." "सासऱ्यांनी हिच्यावर प्राण सोडला, पण गादी एक नंबर." एका बाईंनी तर दर महिन्याला येऊन गादी बघून जाईन असं बजावलं. परुळेकर सगळ्यांना हो हो म्हणत होते. गाद्यांना कोंदट वास येत होता म्हणून त्यांनी त्या गच्चीवर उन्हात टाकल्या, आणि तिथेच माशी शिंकली.

सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणजे सुगंधाताई धारप. शाळेत सुपरवायझर होत्या, आणि अजूनही बिल्डिंगमधली थोर थोर माणसं त्यांना बघून शर्टाची बटणं लावतात. त्यांनी गच्चीवरच्या गाद्या पाहिल्या, उघड्या दारातून खोलीबाहेर काढलेला पलंग पाहिला, आणि दोनात दोन मिळवून थेट पत्र धाडलं. आपण सदनिकेत विनापरवाना पेइंग गेस्ट ठेवत असल्याचं निदर्शनास आलं आहे. सर्व मुलांची नावं, आधार कार्डं आणि पोलीस पडताळणी तात्काळ सादर करावी.

परुळेकरांचं डोकंच सणकलं. ते तडक सोसायटीच्या ऑफिसात गेले. "मॅडम, माझ्याकडे कोणी मुलं नाहीत. त्या गाद्या बेससाठी आहेत."

"एवढ्या गाद्या एकट्या बेससाठी?" सुगंधाताई चष्म्यावरून म्हणाल्या. "गाद्यांवर माणसं झोपतात, परुळेकर."

"माझ्या गाद्यांवर कोणी झोपत नाही! त्या उभ्या राहणार आहेत."

"उभ्या गाद्या." सुगंधाताईंनी हे शब्द सावकाश उच्चारले. "मला पाहणीला यावं लागेल. आणि पेइंग गेस्ट निघाले तर ती तक्रार म्हणून नोंदवली जाईल, आधीच सांगते."

तक्रार! आयुष्यभर प्रामाणिकपणे मेंटेनन्स भरणारा माणूस, आणि त्याच्यावर संशय? घरी येऊन त्यांनी रागारागाने गाद्या गुंडाळल्या, सुतळीने आवळल्या आणि कोपऱ्यांत उभ्या केल्या. भुंऽऽऽ बराचसा बसला. बराचसा, पण सगळा नाही. सुबोध फोनवर म्हणाला, "आता स्पीकरची जागा शोध. एक स्पीकर उचलून तुझ्या खुर्चीत ठेव, गाणं लाव, आणि तू जमिनीवर रांगत रांगत फिर. जिथे डग्गा स्वच्छ लागेल तिथे स्पीकर ठेवायचा. जगभर असंच करतात."

"रांगत?"

"कान स्पीकरच्या उंचीला नको का यायला? रांग गुपचूप."

म्हणून दुसऱ्या सकाळी परुळेकरांच्या घरातलं दृश्य असं होतं. आरामखुर्चीत स्पीकर रेलून बसलेला, घसरू नये म्हणून त्याच्या पाठीशी उशी. आणि घरमालक लेंग्यावर, एक कान भिंतीला लावून, डोळे मिटून, गाद्यांमधून रांगत चाललेला. कुंदाताईंनी दार उघडलं आणि सुगंधाताईंना सरळ आत आणून उभं केलं. त्यांनी हे मुद्दाम केलं असा परुळेकरांचा आजही दाट संशय आहे.

स्पीकर तेवढा गात होता.

"परुळेकर, काही हरवलंय का?"

"डग्गा शोधतोय," परुळेकर रांगत्या अवस्थेतच, शक्य तेवढ्या रुबाबात म्हणाले.

सुगंधाताईंनी खुर्चीतल्या स्पीकरकडे पाहिलं, मग कुंदाताईंकडे फार सहानुभूतीने पाहिलं, आणि निघून गेल्या. कमिटीला त्यांनी जो अहवाल दिला त्यात 'पेइंग गेस्ट आढळले नाहीत. सभासद रांगताना आढळले' एवढंच होतं. अरे, ही काय भाषा झाली? परुळेकरांनी त्यावर तीन पानी निषेध लिहिला. कुंदाताईंनी तो पाठवू दिला नाही.

पण जागा सापडली हो! स्पीकर भिंतीपासून बरेच पुढे आले आणि रबराच्या जाड तुकड्यांवर बसले. खुर्ची मधून मागे सरकली. मागची भिंत उघडी नको, असं सुबोध म्हणाला, म्हणून परुळेकरांनी पलंग उचलून आत आणला, कोणाशी एक शब्द न बोलता, आणि त्यावर चांगली जाड गादी टाकली. पडदे आले. कपाटही आलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी निकाल लावायचं ठरलं. सुबोध अंधेरीहून आला. सुगंधाताईंना कुंदाताईंनी साक्षीदार म्हणून बोलावलं. सहदेवांना परुळेकरांनी अखेर सगळं खरं सांगून टाकलं होतं, ते "म्हणजे मी नारळ फुकट घालवलंय?" एवढंच म्हणाले आणि आपल्या देवघरासमोर फोन घेऊन बसले. आधी कोलंबीचं कालवण आणि भात झाला, मग मंडळी खोलीत बसली. परुळेकर खुर्चीत बसले. त्यांनी तोडी लावली.

आणि डग्गा आला. भुंऽऽऽ नाही, दणका नाही. अगदी समोर बसून कोणी वाजवावा तसा. तबलजीचा तळवा कातड्यावरून सरकला तेव्हा सूर कसा वाकत गेला, तो सबंध वळसा ऐकू आला. परुळेकरांचे डोळे भरून आले. एवढं सोसलं ते याचसाठी, असं त्यांना वाटलं. खालून सहदेवांचा फोन आला, "घंटी गप आसा. तुमचा चलांदे." सुगंधाताईंनीही मान डोलावली, आणि कुंदाताई, बाई सरळ हो, म्हणाल्या, "छान वाजतंय. शब्द म्हणजे शब्द. खोली तुमची."

परुळेकर कृतार्थ झाले. "आता पडल्या पडल्या कसं लागतं ते बघतो," असं म्हणून ते पलंगावर आडवे झाले. पोटात कोलंबी, बाहेर दुपार, कानात खर्ज.

काही वेळाने ते जागे झाले ते एका आवाजाने. म्हणजे जागे झाले असं नाही, ते जागेच होते, फक्त डोळे मिटलेले होते. समोरच्या स्पीकरांतून असा काही खर्ज लागला होता की त्यांच्या अंगावर काटा आला. खोल, गोल, सावकाश चढत जाणारा, आणि वर पोचला की एक क्षण थांबून धबाधबा खाली येणारा.

"अहाहा!" परुळेकर डोळे न उघडताच म्हणाले. "काय दमसास आहे! सुबोध, बघ, शेवटचा कणसुद्धा घुमत नाही. हा कोण रे? किराणा घराण्याचा दिसतोय. जुनी ध्वनिमुद्रिका आहे का?"

परुळेकरांनी डोळे उघडले. पलंगाभोवती सुबोध, सुगंधाताई, वर आलेले सहदेव, सगळे ओळीने उभे होते, आणि कुंदाताई हातात चहाचा ट्रे घेऊन. सुबोधचा मोबाइल स्पीकरांना जोडलेला होता.

"तुम्ही," कुंदाताई म्हणाल्या. "आत्ताचे."

परुळेकर ताडकन उठून बसले. "साफ खोटं! हा मी नव्हे! ही फसवणूक आहे. माझा आवाज असा नाही. यंत्राने बिघडवलाय!"

"म्हणजे खोलीत अजून आवाज बिघडतोय म्हण की," सुबोध शांतपणे म्हणाला. "मग डग्गा जमला नाही. खोली वहिनींची."

स्पीकरांतून पुन्हा तो खर्ज चढला, वर थांबला, खाली आला. परुळेकरांनी कान देऊन ऐकलं. कुठे भर नाही, कुठे खोट नाही. इतकी वर्षं गाणं ऐकलेला माणूस. स्वतःवर बेतलं म्हणून काय कानाशी बेइमानी करायची? त्यांचं तोंड संतापाने लाल झालं होतं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा जळजळीत नजर टाकली.

"आवाज," ते दात ओठ खात म्हणाले, "अगदी खरा आहे."

"झालं तर," कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी चहा ठेवला, आतल्या खोलीत गेल्या आणि परुळेकरांची उशी, पांघरूण आणि रात्रीच्या गोळ्यांचा डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर परुळेकरांनी लग्नाच्या अल्बमनंतर कधी न पाहिलेला आनंद होता. "खोली तुमचीच. दिवसाही आणि रात्रीही. मी जाते जरा आडवी व्हायला. आणि हो, सुबोधभावजी, ह्यांचं डोकं कुठल्या भिंतीकडे करायचं तेवढं सांगून ठेवा."

"कोपऱ्यात नको विद्या," सुबोध ताबडतोब म्हणाला. "कोपऱ्यात वाढतो."